कॉफी पावडर फ्रिजमध्ये ठेवली तर जास्त ताजी राहते का? काचेची बरणी बरी की स्टीलचा डबा?

फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका. का ते सांगते, पण जरा लांबण लागेल, कारण याच फ्रिजवरून आमच्या घरात बरंच रामायण झालंय.

माझ्या मोठ्या नणंदबाईंना मी ताज्या भाजलेल्या बियांचं पाकीट दिलं होतं. त्यांच्या मिस्टरांना कॉफीचं वेड, घरात ग्राइंडर आहे, म्हणून मुद्दाम निवडून घेतलेलं. जाड फॉइलचं पाकीट, वर झिप, पुढे ते बारीक भोकाचं व्हॉल्व, म्हणजे विकणाऱ्याने सगळी सोय करूनच दिलेली. ताईंनी काय करावं? घरी गेल्या गेल्या सगळ्या बिया एकदम दळून टाकल्या, 'रोज सकाळी कोण घरघर करत बसणार' म्हणून, आणि पावडर एका मोठ्या काचेच्या बरणीत ओतून बरणी फ्रिजच्या दारात ठेवली, शेजारी वाटीत चिरलेला कांदा, तोही उघडाच. मग रोज सकाळी बरणी बाहेर काढायची, सगळ्यांचे कप होईपर्यंत ओट्यावर तशीच उघडी, मग परत आत. पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा मी ती बरणी हातात घेतली तर झाकणाला आतून पाण्याचे बारीक थेंब, काठाला ओलसर पावडरीचं किटण, आणि चमचा घातला की ढेकळं. वर सगळ्यांच्या देखत मला म्हणतात, 'तुझ्या त्या भारी कॉफीला काही चवच नाही गं, आमची नेहमीचीच बरी.' सासूबाई समोर होत्या म्हणून मी गप्प बसले. इथे बसणार नाही.

तर मुळात सगळं एकदम दळलं तिथेच अर्धी वाट लागली. भाजलेल्या बीमध्ये कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, तो भाजल्यानंतर कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. ते व्हॉल्व त्यासाठीच असतं, आतला वायू जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही, नाहीतर पाकीट टम्म फुगेल. बी अख्खी आहे तोवर आतला मालही जरा सुरक्षित असतो. दळली की बराचसा वायू काही मिनिटांत पसार, आणि कणाकणाला हवा लागायला मोकळी. दळताना घरभर जो वास सुटतो आणि आपण अहाहा करतो ना, तो कपात यायला हवा होता, तो गेला हवेत.

आणि आता फ्रिज. ताईंचं म्हणणं असं की थंडीत वस्तू टिकते. टिकते की, थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात हे मलाही माहितीये. पण भाजलेल्या कॉफीत पाणी जेमतेम २-३ टक्के असतं, त्यामुळे ती आजूबाजूचा ओलावा ओढून घेते, वाससुद्धा. गारढोण बरणी गरम स्वयंपाकघरात उघडली की हवेतलं बाष्प सरळ बरणीत आणि पावडरीवर उतरतं, की सादळलीच. फ्रिजला वास मारत असेल तर वाटीत कॉफी पावडर ठेव, वास शोषून घेते, हे मला सांगितलं कोणी? ताईंनीच! मग बरणीतली पावडर काय कांद्याला सोडून देणार?

पुढे त्या आमच्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना त्या बरणीतली थोडी पावडर आणायला सांगितली होती. त्याच वेळी घेतलेलं दुसरं पाकीट माझ्याकडे होतं, झिप लावून, वर क्लिप मारून कपाटात. दोन ग्लासांत दोन्हींवर सारखंच गरम पाणी ओतलं. माझी, ऐनवेळी दळलेली, फसफसून वर आली आणि फेसाचा फुगा धरून राहिली, त्यांची चिखलासारखी खाली बसली. 'फेस पिऊन काय चव कळते का,' ताई म्हणाल्या. मुद्दा बरोबर आहे, फेस हा नुसता वायू, पण तो उरलाच नसेल तर कॉफी शिळी झालीय एवढं तरी कळतं. त्यांच्या मिस्टरांना कुठला ग्लास कोणाचा ते न सांगता दिले, त्यांनी माझा संपवला. ताई म्हणे तुमच्याकडचं पाणी वेगळं आहे. दोन्ही ग्लासांत तेच पाणी होतं हो!

बरणी का डबा याला मी फार महत्त्व देत नाही. झाकण घट्ट हवं, रबराची रिंग असेल तर उत्तम, आणि डबा लहान हवा, अर्ध्या रिकाम्या मोठ्या डब्यात वरती सगळी हवाच असते. काच असेल तर बंद कपाटात ठेवा, उजेडानेही वास उतरतो. गॅसच्या वरच्या फळीवर काहीच नको. जुन्या पावडरीवर नवी ओतू नका, भिंतींना लागलेलं तेल खवट होतं, डबा धुऊन कडकडीत वाळवा. मला विचाराल तर मूळ पाकीटच सगळ्यात बरं. आणि मुळात कमी आणा, पाकिटावर भाजल्याची तारीख बघून दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढीच. दळलेली असेल तर आठवडाभरातच फरक जाणवायला लागतो. कोरडी राहिली तर पोटाला काही होत नाही, फक्त चव बसते.

फ्रीझरचं मात्र वेगळं आहे, हे आधी सांगायला हवं होतं. जास्तीच्या बिया असतील तर हवाबंद छोट्या छोट्या पुड्या करून उणे १८ अंशांत ठेवता येतात, महिनोन्‌महिने चांगल्या राहतात. एक पुडी बाहेर काढायची, ती बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही आणि परत आत टाकायची नाही. यावरून कोणी 'बघ, मी थंडच म्हणत होते' असं म्हणू नये, रोज उघडायच्या बरणीशी याचा काही संबंध नाही.

तुमची इन्स्टंट असेल तर वरचं बरंचसं सोडून द्या, तिला फक्त ओलावा सांभाळायचा. कोरडा चमचा वापरा, आणि वाफाळत्या कपावर बरणी धरून चमचा झटकू नका. हे मी कोणाला बघून लिहिलंय ते आमच्या घरच्यांना कळेलच.