दुकानदार म्हणतो, इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर नको. खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की गाव तालुक्याचं आहे, एसी दीड टनाचा इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा) आहे, संध्याकाळी बल्ब मंद होतात आणि लाइट सारखी ये-जा करते. दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. प्रत्येक मॉडेल ठरावीक व्होल्टेजच्या मर्यादेतच स्टॅबिलायझरशिवाय चालतं आणि ती मर्यादा माहितीपुस्तिकेत दिलेली असते. तुमच्या घरातलं व्होल्टेज त्या मर्यादेत राहतं का, एवढंच पाहायचं.

म्हणून खरेदीआधी मोजमाप करा. संध्याकाळी सात ते अकरा आणि पहाटे दोन-तीनला, असं चार-पाच दिवस व्होल्टेज लिहून ठेवा. पहाटेचं विसरू नका, कारण गावातला लोड उतरला की व्होल्टेज चढतं. शिवाय एसी चालू असताना मेन बोर्डावर आणि एसीच्या पॉइंटवर, दोन्हीकडे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पंधरा मीटर लांब असेल, तर 7 अँपिअरला दीड-दोन व्होल्टचाच फरक पडायला हवा. पाच-सातच्या वर गेला तर दोष घरातच आहे: ढिला स्क्रू, करपलेलं सॉकेट किंवा बारीक वायर. तिथे स्टॅबिलायझर बसवून काही साधत नाही, सॉकेट जळायचं ते जळतंच. एसीला स्वतंत्र वायर आणि 20 अँपिअरचा सी-कर्व्ह (मोटर सुरू होतानाच्या क्षणिक जादा करंटला न पडणारा) एमसीबी हवाच.

कमी व्होल्टेजचा त्रास असा होतो: 1600 वॅट ओढणारा एसी 230 व्होल्टला सुमारे 7 अँपिअर घेतो, पण तो इन्व्हर्टर एसी असेल तर तेवढ्याच कामासाठी 170 ला साडेनऊच्या आसपास घेतो. वाढलेला करंट वायर आणि पीसीबी (एसीतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) दोन्ही तापवतो. व्होल्टेज वारंवार मर्यादेखाली जात असेल तर 4 केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्या. त्याची खालची मर्यादा तुमच्या नोंदीतल्या सर्वात कमी आकड्याच्याही खाली असू द्या. हाय कट-ऑफ (व्होल्टेज फार चढलं की लाइन तोडणं) आणि तीन मिनिटांचा टाइम डिले (लाइट आल्यावर थांबून एसी चालू करणं) आहे ना, हेही बघून घ्या. लाइट आल्याआल्या कॉम्प्रेसर सुरू झाला तर गॅसचा दाब उतरलेला नसतो. साध्या, म्हणजे फिक्स्ड-स्पीड एसीची मोटर तेव्हा अडकते आणि कितीतरी पट करंट ओढते.

मला जास्त काळजी वाटते ती न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरची. डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) किंवा लाइनवरचा न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर लोड कमी, तिथल्या घरांत व्होल्टेज 300 च्या वर, पार 400 कडे जाऊ शकतं. पीसीबी जळण्याचं हे मोठं कारण आहे. काही बल्ब भगभगून पेटले किंवा पंखा एकदम जोरात फिरू लागला, की लगेच मेन बंद करा आणि 1912 वर तक्रार नोंदवा. माणूस घरी नसेल तेव्हासाठी बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. वरची मर्यादा 265, खालची 170 आणि पुन्हा चालू होण्याचा वेळ 180 सेकंद ठेवा. स्टॅबिलायझर असेल तर प्रोटेक्टरची खालची मर्यादा त्याच्या मर्यादेइतकी उतरवा, नाहीतर स्टॅबिलायझर सांभाळू शकला असता तिथेही प्रोटेक्टर लाइन तोडेल.

विजेच्या कडकडाटापुढे मात्र स्टॅबिलायझर कामाचा नाही. त्यासाठी मेन बोर्डात टाइप 2 सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका अर्थिंगमध्ये वळवणारं उपकरण) लागतो आणि अर्थिंग चांगलं नसेल तर तोही निकामी. त्याची हिरवी खूण लाल झाली की कार्ट्रिज बदला. तरीही गडगडाट सुरू झाला की एसी रिमोटने बंद करून एमसीबी खाली पाडावा.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बाहेरच्या युनिटमध्ये वायर जाते त्या भोकातून पाली आणि मुंग्या शिरतात, पीसीबीवर शॉर्ट करतात आणि खापर व्होल्टेजवर फुटतं. सर्व्हिसिंगच्या वेळी ते भोक बुजवून घ्या. ते युनिट स्वतः मात्र उघडू नका, एमसीबी पाडल्यावरही आतले कपॅसिटर काही वेळ चार्ज धरून असतात.