विमानतळावरची शाल घ्यावी का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी पेरूला गेली आहे. माचूपिच्चू पाहून ती लीमाहून परतेल. खरेदी शेवटी विमानतळावरच उरकते म्हणते. मावशी-आत्यांना अल्पाका या तिकडच्या जनावराच्या लोकरीच्या शाली आणि घरी मातीचे रंगीत बैल. हे खरं हातकाम असतं का? ओळखायचं कसं?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : लेकीला आजच फोन करा आणि कापड कुस्कोतच घे म्हणून सांगा. माचूपिच्चूला जायचं तर कुस्को वाटेतच लागतं. निल्डा कायन्याउपा यांनी विणकर बायकांना घेऊन १९९६ साली उभं केलेलं पारंपरिक वस्त्रकेंद्र तिथे आहे. कापडाला विणणारीच्या नावाची चिठ्ठी असते, आणि मला ती किमतीपेक्षा मोलाची वाटते.

विमानतळावरच घ्यायचं झालं, तर नुसत्या मऊपणाला भुलू नये. लेबल वाचावं, ‘अल्पाका’ म्हणून विकलेल्या स्वस्त शालीत ॲक्रिलिक सर्रास असतं. मी नौपाड्यात रोज मागावर बसते, त्यामुळे माझी नजर आधी काठाकडे जाते. तिथल्या अँडीज पर्वतातली बाई माग कमरेला बांधते आणि कापड हवं तेवढंच विणते, कात्री लावत नाही. म्हणून जुन्या पद्धतीच्या कापडाच्या चारही कडा विणतानाच बंद होतात. शेवटच्या दोन-तीन बोटांत ताणा, म्हणजे उभे धागे, इतका आवळतो की धोटा जातच नाही, सुईने बाणा, म्हणजे आडवा धागा, भरावा लागतो. तिथली वीण थोडी वेगळी दिसते. तो पट्टा सापडला की दुसरा पुरावा नको.

खरं तर नेरूळच्या दमट हवेत शाल कपाटातच पडून राहील आणि कसर लागेल ती वेगळीच. मावशी-आत्यांना हातविणीचे कमरपट्टे द्या. उलटून बघायला सांगा : बऱ्याच पट्ट्यांत पैठणीसारखी पाठही देखणी असते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. छापील नक्षी मागून फिकट दिसते.

बैल मात्र विमानतळावर खुशाल घ्यावेत. ते घडतात सांतियागो दे पुपुहाच्या परिसरात. पण विकले जायचे पुकाराच्या रेल्वे स्टेशनवर, म्हणून पुकाराचे बैल. तिकडे घराच्या आढ्यावर त्यांची जोडी बसवतात, तेव्हा एकटा बैल आणू नका. मातीचे आहेत, हातातल्या बॅगेतच ठेवावेत.

आणि कोकाच्या पानांचा चहा तिथे राजरोस विकतात. एक पुडीसुद्धा आणू नये, आपल्याकडे कायद्याने बंदी आहे.