नळाचा आवाज

"त्याला काही कळू देऊ नका," हे गंभीर आजारी मुलांच्या आईवडिलांचे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, आता ते मला दारातल्या चेहऱ्यावरूनच ओळखू येते. त्यामागे माया असते; मूल अजाण आहे हे गृहीतक मात्र बहुधा खोटे ठरते.

रक्ताचा कर्करोग पुन्हा उलटलेल्या नऊ वर्षांच्या मुलाची आई अशीच आली होती. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे 'उपचार संपले' असे तिने धरले होते. वेदना, धाप, भीती यांवरची ही शुश्रूषा निदानापासूनच, मूळ उपचारांच्या जोडीने सुरू करता येते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ ची व्याख्याही तेच सांगते, हे समजावण्यात पहिली भेट गेली.

मुलाजवळ मी बहुतेक वेळ गप्प बसत असे. (गप्प बसणे हेही काम आहे, हे नवख्या समुपदेशकांना पटवताना माझी दमछाक होते.) चौथ्या भेटीत चित्र रंगवता रंगवता तो म्हणाला, "आई न्हाणीघरात गेली की नळ सोडते. बादली भरायची नसते तरी."

"मग तुला काय वाटतं?"

"रडते. मी बरा होणार नाही म्हणून. तिला सांगू नका हं, मला कळलंय ते."

आई त्याला जपत होती आणि तो आईला. दोघेही त्यापायी एकटे पडले होते. हे आईला सांगू का, असे मी त्यालाच विचारले. बराच विचार करून तो म्हणाला, "नळाचं सांगा. बाकीचं मी सांगतो."

स्वीडनमधील २००४ च्या एका अभ्यासात, कर्करोगाने गेलेल्या आपल्या मुलाशी मृत्यूविषयी बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना होता. तरीही सगळे एकदम सांगून टाका, असे मी कुणालाही सुचवत नाही. मुलाने विचारले तर आधी "तुला काय वाटतं?" असे विचारावे, त्याने जेवढे विचारले तेवढेच खरे सांगावे, आणि माहीत नसेल तर तसे म्हणावे.

त्याने आईला दोनच प्रश्न विचारले. "खूप दुखेल का?" याचे उत्तर आम्ही ठरवून ठेवले होते : दुखणे वाढण्याची वाट न पाहता, वेळच्या वेळी औषध देऊ. दुसऱ्याची मलाही कल्पना नव्हती.

"मी एकदा गोळी गादीखाली लपवली होती. म्हणून झालं का?"

आईने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "एका गोळीनं असं होत नसतं, राजा," म्हणत ती त्याच्या शेजारी बसूनच रडली. थोड्या वेळाने त्याने तिच्या हातात खडू दिला आणि उरलेले आकाश तिला रंगवायला लावले.