डोंगल लावलं की नुसती सीडी दिसते

प्रश्न : भाऊ, चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात वायरीचं ब्रॉडबँड अजून आलं नाही म्हणून मी यूएसबी डोंगल (सिम टाकून कॉम्प्युटरला लावायची नेटची कांडी) वापरते, पोरांचे फॉर्म, केळीच्या पीकविम्याचे कागद सगळं त्याच्यावरच. भाच्याने जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून दिलं, कॉम्प्युटर मस्त चालून राहिला, पण डोंगल लावलं की सीडी दिसते आणि नेट लागत नाही. परत विंडोज टाकू का?

उत्तर : नका टाकू ताई. डोंगल खराब नाही आणि लिनक्सही नाही. हे डोंगल लावल्यावर आधी मुद्दाम सीडी बनून समोर येतं, म्हणजे विंडोजला त्यातूनच ड्रायव्हर (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) मिळावा, आणि मग कोणीतरी हुकूम दिला की मोडेम बनतं. लिनक्समध्ये तो हुकूम देणारा प्रोग्राम म्हणजे यूएसबी-मोडस्विच (usb-modeswitch).

डोंगल लावा, अर्धा मिनिट थांबा, टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) एलएसयूएसबी (lsusb) ही कमांड द्या. डोंगलच्या ओळीत एक नंबर दिसेल, मधे दोन टिंबं, पहिला भाग कंपनीचा (हुआवेचा १२डी१ असतो) आणि दुसरा त्या वस्तूचा. हुआवेच्या बऱ्याच डोंगलला तिथे १४४६ दिसलं की समजा अजून सीडीच आहे. मोडस्विच झालं की हा दुसरा भाग बदलतो. बदलत नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून यूएसबी-मोडस्विच टाका, त्याचं डेटा पॅकेजही बघा. आता नेटच नाही तर टाकायचं कसं, तर मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाईलचं नेट केबलने कॉम्प्युटरला देणं) चालू करा, लिनक्सला त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आणि डोंगलच्या सीडीतला जुना लिनक्स सेटअप मात्र चालवू नका, त्याने गुंता वाढतो.

डोंगल कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा, पुढच्याला कधीकधी करंट कमी पडतो आणि लागलेलं नेट सारखं तुटतं.

मोडेम दिसला की नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मोबाईल ब्रॉडबँड घ्या, देश भारत, मग कंपनी, मग एपीएन (कंपनीच्या नेटला जोडायचं नाव). बीएसएनएलचं बीएसएनएलनेट (bsnlnet), जिओचं जिओनेट (jionet). पण डोंगल ३जी असेल आणि सिम जिओचं, तर काहीही करा नेट लागणार नाही, कारण जिओचं २जी-३जी नेटवर्कच नाही. एअरटेलनेही ३जी २०२० पर्यंत बंद केलं. म्हणून सेटिंगमध्ये डोकं घालायच्या आधी डोंगलच्या पाठीवर ४जी लिहिलंय का ते बघा.

कनेक्ट दाखवतं पण साइट उघडत नाही असं झालं तर टर्मिनलमध्ये ping 8.8.8.8 देऊन त्या पत्त्याला पिंग करा (उत्तर येतं का ते बघा), उत्तर आलं तर गडबड डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधणाऱ्या सोयीची. तरी नाही जमलं तर एलएसयूएसबीची ती ओळ जशीच्या तशी लिहून पाठवा, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.