मणके झिजलेत, मग हलू की नको?

"रिपोर्टमध्ये मणक्यांची झीज आली आहे. हालचाल केली तर आणखी बिघडेल का?" मान आणि पाठीचा वरचा भाग वर्षानुवर्षं दुखणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न. ओळख पटू नये म्हणून पुढच्या उदाहरणातले तपशील बदलले आहेत.

एक बाई, वय 42, हिशेबाचं बैठं काम. दोन वर्षं उजव्या फऱ्याचं, म्हणजे खांद्यामागचं, हाड आणि कणा यांच्यामध्ये गोळा येऊन पाठ धरायची. हाताला मुंग्या नाहीत, ताकद शाबूत. डॉक्टरांनी तपासून शस्त्रक्रियेची गरज नसल्याचं सांगितलेलं. तरी 'झीज' आणि 'चकती (दोन मणक्यांमधली गादी) फुगली आहे' हे शब्द मनात रुतून बसले होते. रिपोर्ट मोठ्याने वाचायला सांगितला, तर दुसऱ्याच ओळीला त्यांचा श्वास अडकला आणि दोन्ही खांदे कानांकडे चढले. हे त्यांना कळलंसुद्धा नाही.

भीती वाटली की शरीर दुखऱ्या जागेला जपायला आसपासचे स्नायू ताठ करतं. आवळून धरलेला स्नायू थकतो, दुखतो. श्वास वरवरचा होतो, मग छाती उचलायचं कामही मानेच्या स्नायूंवर पडतं. दुखणं वाढलं की भीती वाढते आणि पुन्हा तेच. म्हणून हे 'मनाचे खेळ' नाहीत, दुखणं खरंच आहे, हे पहिल्याच भेटीत सांगावं लागतं. घरच्यांकडून उलटं ऐकून माणूस आधीच दुखावलेला असतो.

जपानमध्ये मानेचा कसलाही त्रास नसलेल्या 1211 जणांचे एमआरआय केले गेले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतल्या 87.6 टक्के लोकांच्या मानेत फुगलेली चकती दिसली. म्हणजे नुसती फुगलेली चकती दिसली म्हणून दुखणं तिच्यामुळेच आहे, असं ठरत नाही.

त्या बाईंची खरी अडचण वेगळी होती. बरं वाटलं की सगळी कामं एका दमात उरकायची आणि मग तीन दिवस आडवं पडायचं. म्हणून तीन दिवस त्या घड्याळ लावून बसल्या: दुखणं वाढेपर्यंत 35, 30 आणि 25 मिनिटं. सरासरी 30, तिचे 80 टक्के 24. चोविसाव्या मिनिटाला उठायचं, दुखत असो वा नसो. उठून खांदे मागे 10 वेळा फिरवायचे, दोन मिनिटं चालायचं. दर आठवड्याला दोनच मिनिटं वाढवायची.

दुसऱ्याच आठवड्यात घात झाला. महिनाअखेर होती, पाठ हलकी होती, त्या दीड तास बसल्या. रात्री उसण भरली. "मणकाच गेला," म्हणाल्या. वहीतली वेळ समोर ठेवली तेव्हा कारण दिसलं. तो आठवडा पुन्हा 24 मिनिटांवरच काढला.

उसण भरलेल्या दिवशी डोकं चालत नाही, म्हणून शांत दिवशीच एक कार्ड लिहून घेतलं. टॉवेलवरून 15 ते 20 मिनिटं शेक, शेकाची पिशवी घेऊन झोपायचं नाही. पोटावर हात ठेवून चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, पाच मिनिटं. जागेपणी तासाला चालण्याची एक फेरी. गोळी डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. खांदे पाच सेकंद वर ओढून 20 सेकंद सैल सोडण्याचा सराव मात्र बऱ्या दिवसांसाठी. आखडलेला स्नायू आणखी आवळला तर कळ वाढू शकते.

पायांत अशक्तपणा, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, विनाकारण वजन घटणं, पडल्यानंतरची कळ, छातीत दाब किंवा घाम यांपैकी काहीही असेल तर हे प्रयोग थांबवून तातडीने डॉक्टरांकडे जावं. कर्करोग होऊन गेला असेल किंवा स्टिरॉइड बरेच दिवस चालू असतील, तर ते आधीच सांगावं.

अडीच महिन्यांनी त्यांची एका बैठकीची वेळ 40 मिनिटांवर आली. उसण अजून भरते, पण पूर्वी पाच-सहा दिवस घ्यायची, आता दोन दिवसांत उतरते.