वर्डप्रेसची साइट सुरक्षित आणि वेगवान ठेवायची असेल, तर कोणती प्लगइन्स टाकावीत?

तुमच्या साइटवर आजच चाळीसच्या आसपास प्लगइन्स (वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या प्रणालीला जादा सोयी जोडणारे छोटे प्रोग्रॅम) आहेत, पाने उशिरा उघडतात, आणि आता सुरक्षेसाठी एक व वेगासाठी एक अशी आणखी दोन सुचवा, असे तुम्ही विचारले आहे. टाकण्याआधी काढायचे बघा, हे माझे पहिले उत्तर. जे प्लगइन वापरात नाही ते नुसते निष्क्रिय करून ठेवू नका, डिलीट करा. निष्क्रिय प्लगइनच्या फाइली सर्व्हरवरच राहतात आणि त्यांतली त्रुटीही तशीच राहते. पण मी लिहायला बसलो तो तुमच्या प्रश्नाच्या शेवटी आलेल्या वाक्यामुळे: 'थीम (साइटचे रूप ठरवणाऱ्या फाइलींचा संच) बिघडेल म्हणून काहीही अपडेट करू नका, असे डिझायनरने बजावले आहे.'

हेच वाक्य मी एका संस्थेत ऐकले आहे. तिच्या साइटची देखभाल माझ्याकडे आली तेव्हा तक्रार फक्त संथपणाची होती, आणि साइट घडवणाऱ्या गृहस्थांचे निदानही तयार होते: कॅशिंग प्लगइन, म्हणजे तयार पान साठवून तेच पुन्हा दाखवणारे, टाका. ते टाकले. मुखपृष्ठ झटकन उघडू लागले, पण डॅशबोर्डमध्ये, म्हणजे साइटच्या संपादन कक्षात, साधा लेख जतन करायचा म्हटले तरी चक्र फिरतच राही. म्हणून मी सर्व्हरचा ॲक्सेस लॉग, म्हणजे साइटकडे आलेल्या विनंत्यांची नोंदवही, उघडला. त्यात ठरावीक अंतराने एकाच फाइलकडे पोस्ट रिक्वेस्ट (माहिती पाठवणाऱ्या विनंत्या) येत होत्या, आणि ती फाइल होती अपलोड्स फोल्डरमध्ये, एका जुन्या महिन्याच्या छायाचित्रांच्या मधोमध. नाव एखाद्या थंबनेलसारखे, एक्स्टेन्शन मात्र पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडचे. जिथे चित्रे आणि पीडीएफ एवढेच असायला हवे तिथे पीएचपी फाइल सापडली, की साइटमध्ये कुणी घुसले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. उघडली तर आत एकच ओळ, आडवी सरकवत राहिले तरी संपेना अशी, सुरुवातीला इव्हॅल (मजकूर कोड म्हणून चालवणारी आज्ञा) आणि पुढे सगळा बेस-६४ या सांकेतिक लिपीतला गिचमिडा. सर्च इंजिनवर त्या एका साइटपुरता शोध घेतला, तेव्हा संस्थेच्या नावाखाली औषधांच्या जाहिरातींची पानेच्या पाने निघाली. ती सामान्य वाचकाला दिसत नव्हती, फक्त सर्च इंजिनच्या बॉटला, म्हणजे पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला, दाखवली जात होती. ही पाने कॅशला वळसा घालून दर वेळी नव्याने तयार होत होती आणि सर्व्हरचा जीव तिकडेच खर्ची पडत होता. ते कॅशिंग प्लगइन आणखी वर्षभर राहिले असते तरी दुखणे हलले नसते.

शिरकाव कुठून झाला तेही उघड होते. थीमसोबत फुकट आलेले एक स्लायडर (सरकती चित्रे दाखवणारे) प्लगइन थीमच्या आवृत्तीला बांधलेले होते, आणि थीम अपडेट होत नव्हती, कारण त्या गृहस्थांनी चाइल्ड थीम (मूळ थीमला हात न लावता बदल वेगळे ठेवणारी जोड-थीम) न करता थेट मूळ फाइलींतच फेरफार केले होते. हा प्रकार नवा नाही. २०११ मध्ये टिमथंब या चित्रे लहान करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये गंभीर त्रुटी सापडली, तेव्हाही ती असंख्य थीम्सच्या पोटात दडलेली असल्यामुळे आपल्या साइटवर ती आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हते.

संस्थेच्या बैठकीत त्या गृहस्थांचे म्हणणे एकच होते की, साइट मोडतात त्या अपडेटमुळेच. मोडतात, मान्य आहे. पण अपडेटने मोडलेली साइट त्याच घटकेला दिसते आणि बॅकअपवरून परत उभी करता येते; हॅक झालेली साइट महिनोन्‌महिने धडधाकट दिसत राहते. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ या वर्डप्रेससारख्याच प्रणालीतली एसक्यूएल इंजेक्शनची (डेटाबेसला परक्या आज्ञा देता येण्याची) त्रुटी जाहीर झाली, तेव्हा सात तासांच्या आत पॅच (दुरुस्ती) न लावलेली साइट हॅक झाली असेच धरून चाला, असे ड्रुपलच्याच सुरक्षा पथकाने नंतर सांगितले. जानेवारी २०१७ मध्ये वर्डप्रेसने ४.७.२ ही आवृत्ती आधी काढली आणि तिने बुजवलेली रेस्ट एपीआयमधली (इतर प्रोग्रॅमना साइटशी बोलू देणाऱ्या भागातली) गंभीर त्रुटी १ फेब्रुवारीला उघड केली. ज्यांचे स्वयंचलित अपडेट चालू होते ते तोवर सुरक्षित झाले होते, आणि ज्यांनी ते बंद ठेवले होते त्यांच्यापैकी अनेकांच्या साइटवरचे लेख परक्यांनी बदलले. 'चालतंय ना, मग हात लावू नका' हे धोरण ज्याला हवे, त्याने स्थिर एचटीएमएल पाने लिहावीत.

आता तुमच्या प्रश्नाकडे. सुरक्षेचे प्लगइन एकच असू द्या, ज्यात चुकीच्या लॉगिनांवर मर्यादा आणि टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरी पडताळणी) असेल. दोन टाकली तर ती एकमेकांशीच भांडतात. त्याहून मोठे काम प्लगइनविनाच होते: अपलोड्समध्ये पीएचपी चालणार नाही अशी सर्व्हरवर सोय करा, डॅशबोर्डमधला फाइल एडिटर बंद करा, आणि पीएचपीची आवृत्ती अजून सुरक्षा पॅच मिळणारीच ठेवा. वेगासाठी होस्टिंगवाला सर्व्हरवरच पेज कॅश देत असेल तर वेगळे प्लगइन नको. डेटाबेसमधले ऑप्शन्स टेबल, जिथे साइटच्या सेटिंग्ज साठतात, तेही एकदा पाहा. काढून टाकलेल्या प्लगइन्सच्या ऑटोलोड (आपोआप वाचल्या जाणाऱ्या) नोंदी तिथे राहून जातात आणि प्रत्येक विनंतीला ओढल्या जातात. वर्डप्रेस ६.६ पासून डॅशबोर्डमधल्या साइट हेल्थ या तपासणी-पानावर हा भार ८०० केबीच्या पुढे गेला की इशाराच मिळतो. चित्रे हलकी करण्याबद्दल तुम्हाला सगळे सांगतीलच.

थोडे सावरून घेतो. संख्या हा काही गुन्हा नाही. वीस छोटी, नीट लिहिलेली प्लगइन्स एका अवजड पेज बिल्डरपेक्षा (पानांची मांडणी माउसने करू देणाऱ्या प्लगइनपेक्षा) हलकी असू शकतात. साइटवर विक्री होत असेल तर मोठी अपडेट आधी स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या चाचणी-प्रतीवर, तपासा, आणि कार्ट व खात्याची पाने कॅशमधून वगळा, नाहीतर एका ग्राहकाचा तपशील दुसऱ्याला दिसेल. बॅकअप परत आणला म्हणजे सुटलो असेही नाही, कारण घुसवलेली फाइल बॅकअपमध्येही असू शकते.

डिझायनरला मात्र आजच विचारा, थीमच्या कोणकोणत्या फाइली त्याने बदलल्या. यादी मिळाली तर ते बदल चाइल्ड थीममध्ये हलवून घ्या. न मिळाल्यास थीमची त्याच आवृत्तीची मूळ प्रत मिळवा आणि दोन्ही फोल्डर एकमेकांशी ताडून पाहा. जो फरक निघेल त्यातली प्रत्येक ओळ डिझायनरचीच असेल, असे मात्र गृहीत धरू नका.