‘अनलिमिटेड’ प्लॅनला ३,३०० जीबीचा ब्रेक

प्रश्न : कोथरूडमध्ये भाड्याने राहतो. घरच्या इंटरनेटचा १०० एमबीपीएस वेगाचा ‘अनलिमिटेड’ प्लॅन वर्षाचे १०,६२० रुपये आगाऊ भरून घेतला. २२ तारखेला वेग एकदम १ एमबीपीएसवर आला. कंपनी म्हणते, महिन्याचे ३,३०० जीबी संपले. एकही मेसेज आला नव्हता. वर न विचारता टॉप-अपचे, म्हणजे जादा डेटाचे, ५९० रुपये लावले. फसवणुकीचा दावा करू का?

उत्तर : ‘अनलिमिटेड म्हणजे अनलिमिटेडच’ असं म्हणून भांडायला जाऊ नका, तिथे हात टेकावे लागतील. ठरलेल्या वापरानंतर वेग उतरवणं बेकायदा नाही. मात्र ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, ३१ ऑक्टोबर २०१६च्या निर्देशाप्रमाणे मर्यादा किती, तोवर वेग किती आणि नंतर किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर गेला की कळवावं लागतं. वेग ५१२ केबीपीएसच्या (सुमारे अर्धा एमबीपीएस) खाली नेता येत नाही. तुमचा १ एमबीपीएस त्यात बसतो. ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी लागणारा किमान वेग २०२३मध्ये २ एमबीपीएसवर गेला, हा मुद्दा जोडा, पण त्यावर भिस्त नको. तुमची खरी बाजू दोनच गोष्टींत आहे : न आलेले मेसेज आणि न मागितलेला टॉप-अप.

आधी कनेक्शनवर कोणाचा मोबाइल नोंदलेला आहे ते पाहा. घरमालकांचा असेल आणि मेसेज तिकडे गेले असतील, तर पहिली बाजू लंगडी पडते. वापरही तपासा. क्लाउडवर सतत २ एमबीपीएसने चित्रण पाठवणारा एक सीसीटीव्ही कॅमेरा ३० दिवसांत सुमारे ६५० जीबी खातो, आणि अपलोडही बहुधा मोजला जातो. तीन कॅमेरे असतील तर बराचसा वापर तिथेच सापडेल.

मग कंपनीकडून रोजच्या वापराचा तपशील आणि मेसेज पाठवल्याची नोंद ईमेलने मागा. वेगाची चाचणी केबल लावून घ्या. वायफायवरचा आकडा कंपनी सहज उडवून लावते. प्लॅनच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढा, पानं बदलतात.

कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा डॉकेट (नोंदणी) क्रमांक घ्या. लोक नेमके इथेच चुकतात, नुसता फोन करून गप्प बसतात. उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. फी नाही, निकाल ३९ दिवसांत अपेक्षित असतो. ट्रायला पत्र लिहून उपयोग नाही, वैयक्तिक तक्रारी ते सोडवत नाहीत.

तिथेही जमलं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी आयोगासमोर चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तुम्ही राहता तिथे दावा करता येतो. मुदत दोन वर्षं, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. अर्जात ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ लिहा. ‘अन्याय्य करार’ लिहू नका, तो विषय राज्य आयोगाच्या अखत्यारीत जातो. ५९० रुपये परत, उरलेल्या दिवसांची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढंच मागा.